न उतरलेला गुलाबी रंग

व्हिएन्ना विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागात, 1959 साली, एका टेबलावर काचेच्या नळ्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक नळीत माणसाच्या मेंदूतल्या एका ठरावीक भागाचा अर्क. बहुतेक नळ्या मेंदूचा कुठलाही आजार नसताना वारलेल्या माणसांच्या. कंपवात होऊन गेलेल्यांच्या मोजक्याच. बत्तीस वर्षांच्या ओलेह होर्निकिएविच यांनी त्यांत आयोडीन घातलं, जादा आयोडीन थायोसल्फेटनं मारलं आणि नळ्या उजेडात धरल्या. निरोगी मेंदूच्या अर्कात गुलाबी रंग उतरला होता. कंपवाताच्या नळीत मात्र रंग आहे की नाही अशीच शंका यावी.

फोटोमीटर लावून आकडे काढले ते नंतर. आकड्यांशिवाय शोधनिबंध होत नाही, त्यामुळे ते काढणं भागच होतं. पण डोपामिनचा तुटवडा आपण आधी साध्या डोळ्यांनी पाहिला, हे होर्निकिएविच पुढे म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. आजच्या प्रयोगशाळांत लाखो रुपयांच्या यंत्राच्या पडद्यावर एखादी रेघ वर-खाली होते आणि त्यावरून निष्कर्ष काढावे लागतात. तिथं काम करणाऱ्याला या माणसाचा थोडा हेवा वाटला तर नवल नाही.

मेंदूच्या देठात वरच्या बाजूला, खोल आत, उजवीकडे आणि डावीकडे एकेक काळपट पट्टी असते. मेंदू आडवा चिरला की ती नुसत्या डोळ्यांना दिसते. तिचं लॅटिन नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे सरळसरळ 'काळा पदार्थ'. हा काळेपणा तिथल्या चेतापेशींत वयानुसार साठत जाणाऱ्या न्यूरोमेलॅनिनचा. याच पेशी डोपामिन बनवतात आणि आपल्या लांब तंतूंमधून ते मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम नावाच्या भागात पोचवतात. हालचाल सुरू करणं, ती सलग ठेवणं, चालताना हात आपोआप हलवणं ही कामं त्यामुळे सुरळीत होतात. दोन्ही बाजू मिळून या पेशी चार ते सहा लाखांच्या घरात. माणसाच्या मेंदूतल्या एकूण चेतापेशी सुमारे 86 अब्ज. मुंबईच्या वस्तीत एखादी चाळ असावी, तेवढंच हे प्रमाण.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये सहा रुग्णांवरून कंपवाताचं वर्णन लिहिलं. त्यातले काही तर त्यांना रस्त्यातच दिसलेले होते. काळी पट्टी या रुग्णांमध्ये फिकी पडलेली असते, हे कोन्स्टान्टिन ट्रेटियाकॉफ यांनी पॅरिसमध्ये 1919 साली आपल्या प्रबंधात दाखवलं. म्हणजे जागा कळली होती. पण त्या जागी तयार काय होतं, हे पुढची चाळीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. डोपामिन हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना माहीत होता, पण नॉरअ‍ॅड्रिनॅलिनकडे जाणाऱ्या वाटेवरचं मधलं स्टेशन म्हणून. गाडी थांबते, पण तिथं उतरत कुणी नाही, असं.

तिथं उतरण्याचं कारण मिळालं ते एका मुळीमुळे, आणि ती मुळी आपल्याकडची.

सर्पगंधा. वेडाच्या झटक्यांवर, निद्रानाशावर, चढलेल्या रक्तदाबावर वैद्य ती वापरत आले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 50 रुग्णांवरचे सर्पगंधेचे परिणाम 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या झुडपाकडे वळलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. गोळी जगभर गेली, आधी रक्तदाबासाठी आणि मग मनोरुग्णांसाठी. आणि डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांची हालचाल मंदावे, चेहरा कोरा पडे, हात थरथरत. गोळी थांबवली की हळूहळू सगळं पूर्ववत. जणू कंपवात औषधानं आणला आणि औषध काढून घेताच परत गेला.

स्वीडनमध्ये लुंड इथं अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रेसर्पिन टोचलं. ससे कान पाडून, जागचे न हलता बसून राहिले. मग त्यांना डोपा दिलं. डोपा म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं तो कच्चा माल. पंधरा मिनिटांत ससे कान ताठ करून इकडंतिकडं पाहू लागले. आधीच्या आणि नंतरच्या सशांच्या फोटोंची जोडी अजून पाठ्यपुस्तकांत छापली जाते. गंमत पुढे आहे. सगळ्यांना वाटत होतं की डोपापासून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन तयार झालं आणि त्यानं ससे उठले. कार्लसन यांनी त्या सशांचे मेंदू तपासले, तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा पत्ता नव्हता. भरून आलं होतं ते डोपामिन. मधल्या स्टेशनावर गाव होतं तर!

मार्च 1960 मध्ये लंडनला झालेल्या एका परिषदेत कार्लसन यांनी हे मांडलं, तेव्हा जाणत्या मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही.

होर्निकिएविच या सगळ्यात आले ते आडवाटेनं. जन्म 1926 चा, ल्विव्ह शहराजवळच्या गावातला. तो मुलूख तेव्हा पोलंडमध्ये होता, आज युक्रेनमध्ये आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या धर्मोपदेशकी. 1940 मध्ये युद्धाच्या धामधुमीत कुटुंब व्हिएन्नाला आलं. परक्या भाषेत शाळा, मग वैद्यकीय शिक्षण, मग औषधशास्त्र. 1956 ला ते ऑक्सफर्डला हर्मन ब्लाश्को यांच्याकडे गेले. ब्लाश्को यांना बऱ्याच काळापासून संशय होता की डोपामिनला स्वतःचं काहीतरी काम असावं. त्यांनी नव्या पाहुण्याला तेच लावून दिलं. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन टोचलं तर गिनीपिगचा रक्तदाब चढतो. डोपामिन टोचलं तर उतरतो. नुसतं मधलं स्टेशन असतं तर असं उलटं का वागलं असतं? दीड वर्ष गिनीपिगचा रक्तदाब मोजणं हे काही रोमांचक काम नाही. पण एका पदार्थाशी अशी जवळीक झाली की त्याचं नाव कुठंही छापलेलं दिसलं तरी नजर तिथंच अडकते.

तशी ती 1959 च्या सुरुवातीला अडकली. लुंडच्याच बर्टलर आणि रोझेनग्रेन यांनी कुत्र्याच्या मेंदूत डोपामिन कुठं कुठं आहे ते मोजलं होतं. जवळजवळ सगळं स्ट्रायटममध्ये. स्ट्रायटमचा हालचालींशी संबंध, रेसर्पिनमुळे कंपवातासारखी लक्षणं, डोपानं ती जाणं. धागे सगळ्यांच्याच हातात होते. त्या वेळचा दुसरा कुणी औषधशास्त्रज्ञ असता तर त्यानं आणखी उंदीर मागवले असते. आणखी चार मात्रा, आणखी चार आलेख. होर्निकिएविच यांनी उंदीर बाजूला ठेवले आणि माणसाचे मेंदू मिळवायला निघाले.

याचं धाडस आज पटकन लक्षात येत नाही. मेल्यानंतर मेंदूतली रसायनं टिकतात का, शवागारात तासन्‌तास पडलेल्या मेंदूतला आकडा खरा मानायचा का, याची खात्री कुणी देत नव्हतं. चेतासंस्थेचे डॉक्टर मेंदूचे पातळ काप काढून रंगवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत. तो वाटून त्याचा अर्क काढावा, हे त्यांच्या दृष्टीनं एखादं जुनं हस्तलिखित वाचायच्या ऐवजी त्याचा लगदा करून शाईचं वजन काढण्यासारखं होतं. सुदैवानं गाव व्हिएन्ना होतं. एकोणिसाव्या शतकात कार्ल रोकिटान्स्की यांच्या काळापासून इथं शवविच्छेदन ही रोजची बाब. इतर शहरांत जे अर्ज-विनंत्या करूनही मिळालं नसतं, ते इथं रोग-निदान विभागाशी संधान बांधून मिळू शकत होतं.

जोडीला हर्बर्ट एरिंगर नावाचे तरुण डॉक्टर होते. काम असं: मेंदू आला की तो ताजा असतानाच चिरायचा. स्ट्रायटमचे दोन भाग, कॉडेट आणि प्युटामेन. पहिला वळणदार, शेपटीसारखा निमुळता होत गेलेला. दुसरा त्याच्या बाहेरच्या अंगाला. दोन्ही राखाडी, आणि मधून पांढऱ्या तंतूंचा जाड पट्टा गेलेला. सुरी पांढऱ्या भागात गेली की वजन वाढतं आणि डोपामिनचा आकडा उगीच खाली येतो, म्हणून हात जपून चालवावा लागतो. मग वजन करायचं, वाटायचं, अर्क काढायचा, नको ते गाळून टाकायचं आणि राहिलेल्या थोड्याशा द्रावणात आयोडीन. पद्धत स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि हॅम्बर्ग यांची, दहा वर्षं जुनी. यात बुद्धीची चमक दाखवायला जागा नाही. नीट करायचं, पुन्हा करायचं, आणि प्रत्येक मेंदू सारखाच हाताळायचा.

हिशोब असा जमला: मेंदूचा आजार नसलेले 17 मेंदू, कंपवाताचे 6. सहांपैकी चार जण पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला आलेल्या 'झोपेच्या आजारा'च्या साथीतून वाचून पुढे कंपवात झालेले होते. त्या साथीचं पहिलं वर्णन 1917 मध्ये व्हिएन्नातच फॉन एकोनोमो यांनी केलं होतं. बाकीचे दोघं नेहमीच्या कंपवाताचे. आणि होर्निकिएविच यांनी आणखी दोन मेंदू मुद्दाम घेतले, हंटिंग्टन आजाराचे. त्यात स्ट्रायटमच झिजतं आणि हातपाय वेडेवाकडे उडत राहतात. तिथं डोपामिन ठीकठाक निघालं. या दोन मेंदूंचं मोल मोठं आहे. ते नसते तर कुणीही म्हटलं असतं, आजारी मेंदूत सगळंच कमी होणार, त्यात डोपामिनचं काय एवढं? निबंध डिसेंबर 1960 मध्ये 'क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट'मध्ये आला, जर्मन भाषेत.

बाहेर कळायला वेळ लागला. होर्निकिएविच मात्र थांबणाऱ्यातले नव्हते. तुटवडा आहे तर भरून काढा, इतका साधा विचार. डोपामिन रक्तात टोचून उपयोग नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते ओलांडत नाही. डोपा ओलांडतं. या डोपाचाही इतिहास मजेदार आहे. 1913 मध्ये बाझलच्या रोश कंपनीतले मार्कुस गुगेनहाइम यांनी ते बाकल्यासारख्या शेंगांच्या बियांतून काढलं, काय होतं ते पाहायला अडीच ग्रॅम स्वतःच खाल्लं, आणि ओकून ओकून बेजार झाले. तेव्हापासून हा पदार्थ निरुपयोगी म्हणून कपाटात पडून होता.

होर्निकिएविच यांच्या प्रयोगशाळेत असं साधारण दोन ग्रॅम डोपा होतं. पण ते औषधशास्त्रज्ञ. रुग्ण त्यांच्याकडे नव्हते. शहराच्या लाइन्झ भागातल्या मोठ्या वृद्धाश्रमाच्या रुग्णालयात वाल्टर बिर्कमायर यांच्या वॉर्डात कंपवाताचे पुष्कळ रुग्ण होते. नोव्हेंबर 1960 मध्ये त्यांना विचारलं. उत्तर लगेच आलं नाही. दोघांचं पूर्वी कशावरून तरी बिनसलेलं होतं. औषध कुपीत, रुग्ण पलंगावर, मधे शहरातलं थोडंसं अंतर, आणि गेले आठ महिने. विज्ञानाच्या इतिहासात असे आठ महिने फार सापडतात, फक्त ते निबंधात छापले जात नाहीत.

जुलै 1961 मध्ये पहिली इंजेक्शनं दिली. मात्रा 50 ते 150 मिलिग्रॅम, सरळ शिरेत. दोन ग्रॅमचा हिशोब केला तर मोठ्या मात्रेची जेमतेम तेरा इंजेक्शनं होतात, म्हणजे उधळपट्टीला वावच नव्हता. जे अंथरुणात उठून बसू शकत नव्हते ते बसले. बसलेल्यांना उभं राहता येत नव्हतं, ते उभे राहिले. उभं राहून पहिलं पाऊल न उचलणारे चालू लागले, काही तर पळालेही. घोगरा, पुटपुटता आवाज स्पष्ट झाला. परिणाम दोन-तीन तासांत शिगेला पोचे आणि ओसरत ओसरत दिवसभर पुरे. मग तेच रुग्ण परत पलंगावर, आधीसारखे. वीस रुग्णांवरचा हा अनुभव नोव्हेंबर 1961 मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्यानं दोन वर्षांपूर्वी नळीत रंग न उतरलेला पाहिला होता, त्यानं आता तोच रंग भरल्यावर काय होतं ते माणसात पाहिलं. एका संशोधकाच्या कामाच्या आयुष्यात ही दोन्ही टोकं इतक्या जवळ येणं दुर्मीळ.

यानंतर सगळं सुरळीत झालं असतं तर ही परीकथा झाली असती. तसं झालं नाही. इतरांनी लहान लहान मात्रा देऊन पाहिल्या. कुणाला फरक दिसला, कुणाला नाही, मळमळ मात्र बहुतेकांना. रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही न कळू देता केलेल्या चाचण्यांत तर काहीच हाती लागेना. व्हिएन्नाचे लोक उत्साहाच्या भरात भलतंच पाहतात, असं बोललं जाऊ लागलं.

कोंडी फोडली जॉर्ज कॉटझियास यांनी. मूळचे क्रीट बेटावरचे, काम न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत. त्यांचा तर्क खरं तर वेगळाच होता. काळी पट्टी फिकी पडते, तर तिचा काळेपणा परत आणावा. मेलॅनिनचा कच्चा माल म्हणजे डोपा, म्हणून डोपा. तर्क चुकला आणि औषध बरोबर लागलं. पण श्रेय तर्कापेक्षा त्यांच्या चिकाटीला द्यायला हवं. रुग्णांना महिनोन्‌महिने ठेवून घेऊन त्यांनी तोंडावाटे मात्रा इतक्या संथपणे वाढवली की पोटाला सवय झाली; दिवसाला काही ग्रॅमपासून वाढवत वाढवत 16 ग्रॅमपर्यंत. 1967 मधला त्यांचा निबंध आला आणि वाद मिटला. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली. ते डोपाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही, त्यामुळे मात्रा कितीतरी उतरली आणि गुगेनहाइमना भोवलेल्या ओकाऱ्याही आटोक्यात आल्या.

आज पुण्या-नाशकातल्या घरांत फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकात सिंडोपाच्या गोळीची वेळ लिहिलेली असते, ती हीच जोडगोळी. 'जेवणाआधी अर्धा तास' यावर डॉक्टर भर देतात, कारण वरणातली नि दह्यातली प्रथिनं पचून रक्तात जाताना डोपाच्याच दारातून जातात आणि तिथं धक्काबुक्की होते. दुपारची गोळी वीस मिनिटं उशिरा झाली तर काय होतं, हे घरातल्या माणसाला कुठल्याही शास्त्रज्ञापेक्षा अचूक ठाऊक असतं. खुर्चीतून उठताना खिळून राहणं, उंबरठ्यापाशी पाय अडखळणं, सहीची अक्षरं मुंगीएवढी होत जाणं. आणि काही वर्षांनी उलटा त्रास: गोळीचा अंमल चढला की मान, हात नको तेवढे हलायला लागणं.

आणखी एक मुंबईचं प्रकरण इथं सांगायला हवं. कोकणातल्या पोरांनी एकमेकांच्या सदऱ्यात टाकायची ती खाजकुयली. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की आग होते. आत मात्र बियांमध्ये डोपा भरपूर असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते 1937 मध्येच वेगळं काढून दाखवलं होतं, व्हिएन्नातल्या नळ्यांच्या बावीस वर्षं आधी. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बियांच्या भुकटीनं कंपवाताच्या रुग्णांवर उपचार करून 1978 मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया'त अनुभव मांडले. 1995 मध्ये 60 रुग्णांवरचा मोठा अभ्यासही प्रसिद्ध झाला. वैद्य मंडळी शतकानुशतकं कंपावर या बिया देत होती ती अंदाजानं नव्हे, हे त्यातून दिसतं. मात्र म्हणून दुकानातून 'कवचबीज चूर्ण' आणून डॉक्टरांना न सांगता गोळीच्या जोडीला घेणं म्हणजे डोपाची मोजणी सोडून देणं. तसं करणारे घरोघरी आहेत.

सर्पगंधेवाले डॉ. वकील पारशी होते, त्यावरून आठवलं. मुंबईच्या पारशी वस्त्यांत डॉक्टरांनी घरोघर जाऊन 14,010 माणसं तपासली आणि 1988 मध्ये निष्कर्ष छापले: लाखात 328 जणांना कंपवात. घराघरात जाऊन दार ठोठावणं, जिने चढणं, आजोबांना चार पावलं चालून दाखवा म्हणणं हेही याच संशोधनाचं काम.

डोपामुळे रुग्ण हलू लागले, पण पेशी मरायच्या थांबल्या नाहीत. त्या का मरतात, आणि नेमक्या याच का, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचं एक अर्धं उत्तर मिळालं ते कॅलिफोर्नियात, तेही अपघातानं.

जुलै 1982. सॅन होजेच्या रुग्णालयात चाळिशीतला एक माणूस आणला गेला. पुतळ्यासारखा ताठ, बोलणं बंद. मनोविकार असावा असं वाटत होतं. विल्यम लँगस्टन हे तिथले चेतारोगतज्ज्ञ. कुणीतरी रुग्णाच्या बोटांत पेन्सिल दिली. पुष्कळ वेळानं अक्षरं उमटू लागली: आपल्याला काय होतंय ते कळत नाही, काय करायचं ते समजतं पण अंग ऐकत नाही, अशा आशयाची. आत माणूस पूर्ण जागा होता. थोड्याच दिवसांत आसपास तशाच आणखी तरुणांचा पत्ता लागला. सगळ्यांनी चोरून बनवलेलं एकच नशेचं औषध टोचून घेतलं होतं. बनवणाऱ्यानं रसायनात घाई केली आणि त्यात एमपीटीपी नावाचा भलताच पदार्थ तयार झाला. सगळ्यांना काही दिवसांत अगदी पक्का कंपवात, जो म्हातारपणी वर्षानुवर्षांत होतो. डोपा दिलं तर हलू लागले.

चोराला घरातलाच कुणीतरी दार उघडून देतो, तसं इथं घडतं. एमपीटीपी मेंदूत शिरलं की शेजारच्या पेशी त्याचं विष करतात. डोपामिनच्या पेशींना आपलं वापरलेलं डोपामिन परत आत ओढून घ्यायची सवय असते. त्याच दारातून हे विषही आत घेतलं जातं. आत गेल्यावर ते पेशीची ऊर्जा बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. आणि या पेशींचा ऊर्जेचा खर्च मुळातच अफाट. कुणी चेतवलं नाही तरी त्या सेकंदाला दोन-चार ठोके देत राहतात. उंदराच्या मेंदूतल्या एकाच अशा पेशीचा तंतू, सगळ्या फांद्या मोजल्या तर, अर्ध्या मीटरच्या आसपास भरतो. माणसात तो काही मीटर असावा असा अंदाज आहे. एका पेशीला एवढ्या फांद्या पोसायच्या! लँगस्टन यांच्या निबंधानंतर एमपीटीपी दिलेल्या माकडांवर जगभर काम सुरू झालं, आणि कंपवातात पेशींची ऊर्जा कुठं अडते हा शोधाचा मुख्य रस्ता झाला.

होर्निकिएविच या काळात आपल्या मेंदूंपाशीच होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते टोरांटोला गेले, तिथं मानवी मेंदूंची प्रयोगशाळा उभी केली. व्हिएन्नाशीही संबंध राहिला. प्रश्न तोच, काप अधिक बारीक. 1988 मध्ये स्टीफन किश यांच्या जोडीनं त्यांनी कंपवाताच्या मेंदूंतलं स्ट्रायटम लहान लहान तुकड्यांत वाटून मोजलं. प्युटामेनच्या मागच्या भागात डोपामिन जवळजवळ शून्यावर, कॉडेटमध्ये मात्र बरंच शिल्लक. 1959 मध्ये नळीत जी रंगाची शंका राहिली होती, तिचा हा नकाशा.

2000 सालचं वैद्यकाचं नोबेल कार्लसन, ग्रीनगार्ड आणि कॅन्डेल यांना मिळालं. होर्निकिएविच यांचं नाव नव्हतं. दोनशेहून अधिक चेताशास्त्रज्ञांनी सह्या करून जाहीर नाराजी व्यक्त केली. सशांचा शोध मोठा की माणसांचा, असा वाद घालण्यात तसा अर्थ नाही. पण रुग्णाच्या मेंदूकडे सरळ जाणारा पहिला माणूस यादीत नसणं अनेकांना खुपलं, आणि ते खुपणं रास्त होतं. 1979 मध्ये वुल्फ पारितोषिक देताना समितीनं कार्लसन आणि होर्निकिएविच दोघांनाही बसवलं होतं.

त्यांनी प्रयोगशाळेत जाणं सोडलं नाही. 2014 मध्ये व्हिएन्नातले ख्रिस्तियान पिफ्ल आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. गोठवून ठेवलेल्या मानवी मेंदूंच्या स्ट्रायटममधून त्यांनी अतिसूक्ष्म पिशव्या वेगळ्या काढल्या होत्या. डोपामिन तयार झालं की तंतूच्या टोकाला ते याच पिशव्यांत भरून ठेवलं जातं. बाहेर मोकळं राहिलं तर पेशीलाच अपाय करतं. कंपवाताच्या मेंदूंत पिशव्या कमी असणार हे उघडच होतं. पण ज्या शिल्लक होत्या त्याही डोपामिन नीट भरून घेत नव्हत्या. त्यांचा पंपच जवळजवळ निम्म्या जोरानं चालत होता. सर्पगंधेच्या मुळीतलं रेसर्पिन नेमकं याच पंपाला जाऊन चिकटतं. लुंडचे ससे कान पाडून बसले होते ते या पंपापायी. निबंधाच्या लेखकांत शेवटचं नाव होर्निकिएविच यांचं आहे. तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते.